पांढरीला चूलबंद आवतण

तोताराम नाना घराबाहेर पडला की त्याच्या खांद्यावर दोरी असायचीच. अंबाडीची, शंभर हात लांब, आणि दर दीड हातावर एक गाठ. नवख्या माणसाला वाटायचं, बिचाऱ्याची म्हैस सुटली असावी. पण म्हैस सुटलेली नसायची, ती दोरी म्हणजे पंगत होती. रावेर-सावद्यापासून एदलाबादपर्यंत (आता त्याला मुक्ताईनगर म्हणतात) कुठं मोठं लग्न निघालं की ब्राह्मणाच्या आधी तोताराम नानाला बोलावणं जायचं. नाना यायचा, जागा बघायचा, दोरी टाकायचा, गाठी मोजायचा आणि सांगायचा, "दोन हजार तीनशे बसतीन. त्याच्यावर एक आला त त्यानं उभ्यानं जेवावं."

शाळा गावातच, सातवीपर्यंत. पण पावकी-निमकी झोपेत विचारली तरी बरोबर. त्याचं सूत्र सगळ्या खानदेशात ठाऊक होतं. "मानूस उभा असला त एक हात जागा लागते. मांडी घातली त दीड. अन् व्याही असला त दोन."

जागा पारखायची रीतही त्याची त्याचीच. आधी चपला काढून फिरायचा, मग भर उन्हात मधोमध उताणा पडायचा. म्हणायचा, पोटातलं पाणी ज्या बाजूला जाईल तिकडं उतार. मग चिमूटभर चुना हवेत सोडायचा. ही चुन्याची खोड त्याला पारोळ्याला लागली. तिथं किल्ल्याच्या खंदकाशेजारी त्यानं एक मांडव बसवला, वारा बघितला नाही, आणि हळदीच्या दिवशी मांडवाचं कापड उडालं ते थेट बाजारात, एका कापड दुकानावर जाऊन पसरलं. दुकानदार म्हणे, ठेवून घेतो, रंग चांगला आहे. तेव्हापासून चुना.

आणखी एक रीत होती, ती मात्र त्याच्या आज्यापासूनची. ज्याच्या जमिनीवर मांडव पडणार, त्या मालकाला लग्नाचं पहिलं आवतण. देवाच्याही आधी. उंबऱ्यावर नारळ ठेवायचा, पिवळ्या अक्षता टाकायच्या आणि तोंडानं बोलायचं. आता आपल्याकडे आवतणाचे प्रकार असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. एकजणाचं असलं तर घरातून एकानं यायचं. आणि चूलबंद म्हटलं तर पाळण्यातल्या पोरापासून खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळं घर. त्या दिवशी त्या घरात चूल पेटायचीच नाही. म्हणून चूलबंद बोलावलेला माणूस उपाशी परत जाणं यासारखं पाप नाही. ज्याच्या लग्नात ते घडतं, त्याच्या संसाराला ते लागतं. मालकाला नाना नेहमी चूलबंदच द्यायचा. बोलून बोलून ते शब्द त्याच्या जिभेवर बसून गेले होते.

हे सगळं लक्षात असू द्या. पुढं लागणार आहे.

एक्याण्णव साल. वैशाख अधिक आलेला, म्हणजे एक महिना तसाच गेला. श्रावणापासून सिंहस्थ बसणार, मग तेरा महिने आपल्या भागात लग्न नाही. निज वैशाखावर सगळ्या मुलींच्या बापांचा डोळा. त्यात एक्कावन्न जोडप्यांचं सामुदायिक लग्न ठरलं, आणि त्या एक्कावन्नांत एक होती कुंदा, नानाच्या मेलेल्या भावाची मुलगी. नानानं आणि त्याच्या बायकोनं, शेवंताबाईनंच, तिला वाढवलेलं. तिची दोन स्थळं आधी मोडली होती. एक पत्रिकेनं, दुसरं कशानं ते आजवर कळलं नाही. हे तिसरं. मुलगा शिरपूरला शाळेत मास्तर. सोन्यासारखा. पण त्याचा बाप लीलाधर फटकळ. तो आधीच सांगून बसला होता, "वैशाखात लागलं तर लागलं. तेरा महिने मी पोरगा खुंटीला टांगून ठेवायचा नाही."

लग्नासाठी बाजार समितीचं आवार ठरलं होतं. पण निवडणूक लागली आणि आवार मतपेट्यांच्या कामाला गेलं. मतदान पुढं ढकललं गेलं, तसं आवारही अडकून पडलं. लग्नाला उरले बारा दिवस. सामुदायिक लग्नाच्या समितीचे म्होरके जीवराम आप्पा सकाळी सकाळी नानाच्या ओट्यावर येऊन बसले. चहा गार झाला तरी कपाला हात नाही.

"नाना, बारा हजार मानूस हाये. अन् एकाच पंगतीत बसवाचं हाये."

"एका पंगतीत काहून? तीन करा."

"मागच्या सालचं विसरला का तू? पह्यल्या पंगतीत कोनाचे व्याही अन् तिसरीत कोनाचे, याच्यावरून वरनाची बादली कोनाच्या डोक्यावर गेली व्हती?"

ती बादली जीवराम आप्पांच्याच डोक्यावर गेली होती, म्हणून नाना गप्प बसला.

बारा हजार माणसं म्हणजे अठरा हजार हात पंगत. एवढी सपाट जागा आणायची कुठून? तापीकाठी जिकडं बघावं तिकडं केळीचे बाग उभे. कापसाची रानं मोकळी होती, पण वैशाखातली काळी माती. भेगा अशा की म्हातारीचा पाय गुडघ्यापर्यंत आत जावा. चार दिवस नाना फिरला. सायकलचं पायडल तुटलं. पाचव्या दिवशी दुपारी तो जुन्या बोरदेवळीला पोचला.

बोरदेवळी धरणासाठी उठवलेलं गाव. बारा वर्षांपूर्वी सरकारनं खुणेचे दगड रोवले, इथवर पाणी येणार म्हणून सांगितलं. लोकांनी दारं, तुळया, मारुतीसुद्धा काढून नेला आणि तीन मैलांवर नवं गाव वसवलं. पाणी आलंच नाही. अर्ध्या मैलावर येऊन थांबलं. मागं राहिलेल्या मातीच्या भिंती पावसानं विरघळल्या आणि दहा एकरांचं पांढरंधोप, टणक मैदान उरलं. पिकते ती काळी आणि गाव वसतं ती पांढरी, हे आपण म्हणतो ना, ती ही पांढरी. चहूकडं वेड्या बाभळींचं रान माजलेलं, पण गावाच्या शिवेवर येऊन त्याही थांबलेल्या. आत गवताची काडी नाही.

नाना उताणा पडला. पोटातलं पाणी हललं नाही. अशी सपाट जागा त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

पडल्या पडल्याच त्याला वास आला. कापसाची वाळकी पऱ्हाटी जळल्याचा धूर, आणि त्यावर वांगी भाजल्याचा वास. भरताच्या वांग्याचा. तो उठून बसला. चार दिशांना नजर टाकली. धूर कुठंच नव्हता, नुसता वास होता.

"बारा वाजले," कुणीतरी म्हणालं.

मागं एक म्हातारी हातात केरसुणी घेऊन उभी होती. तिच्यासमोर चार हात जागा शेणानं सारवलेली, ओली. घर नाही, भिंत नाही, नुसतं सारवलेलं अंगण.

"कोन तू, अक्का?"

"मी धुरपदाबाई. हे माह्यं घर," ती त्या ओल्या जागेकडं बोट दाखवून म्हणाली. "नव्या गावात झोपते. इथी सारवाले येते रोज."

"हा वास कसाचा?"

"पांढरी सैपाकाले लागली. रोज लागते बाराले. तू जेवून आला ना? मंग भिऊ नको." आणि ती पुन्हा झाडायला लागली.

दुसऱ्याच दिवशी जीवराम आप्पांनी सरकारी परवानगी आणली आणि धुळ्याहून मांडववाला हिलाल आला, तीन ट्रक बांबू आणि छताचं कापड घेऊन. हिलाल म्हणजे धुळ्याचा अस्सल गडी, कुणाच्या बापाला न भिणारा. त्यानं दोन तास पहार चालवली आणि घाम पुसत नानाकडं आला.

"नाना, तुम्हीन माले लगननी जागा दखाडाले लयनात का मसनवटा? जठे पहार मारी तठे चूल निंघस. हाई गाव व्हतं का हाटेल?"

खरंच, प्रत्येक खड्ड्यात तीन दगड आणि राख. नानानं एका खड्ड्यात हात घातला आणि काढून घेतला. राख कोमट होती. वैशाखातलं ऊन आहे, माती तापणारच, असं तो स्वतःशी म्हणाला. पण खड्डा हातभर खोल होता.

"भ्याला का रे?"

"मी धुळाना मानूस, माले भूतनं भ्याव नही. पन मना बांबू भ्यायी ऱ्हायनात. सरळ उभाच ऱ्हात नहीत."

खड्डे चार हात सरकवले, बांबू उभे राहिले. काम मार्गी लागलं. मग नानाला आठवलं, मालकाचं आवतण राहिलं. पण मालक कोण? सातबाऱ्यावर सरकार. सरकार कोणत्या उंबऱ्यात बसतं? नानानं मनाशी ठरवलं, जागा ज्यांची होती त्यांना देऊ. रीत मोडायला नको, कुंदाचं लग्न आहे. मारुतीचा रिकामा ओटा तेवढा उरला होता. त्यावर त्यानं नारळ ठेवला, मूठभर अक्षता पांढरीवर उधळल्या, आणि जिभेवर बसलेलं वाक्य जिभेनं आपसूक बोलून टाकलं.

"बोरदेवळीच्या पांढरीले, चूलबंद आवतण हाये. बठ्ठ्या घरानं येजा."

झाडणाऱ्या धुरपदाबाईची केरसुणी थांबली.

"चूलबंद म्हटलास," ती म्हणाली.

"सवय हाये, अक्का."

"त्याहिलेबी हाये," एवढं बोलून ती खाली वाकली.

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त दुपारी दोन वाजून एक्कावन्न मिनिटांचा. एक्कावन्न जोडपी आणि एक्कावन्न मिनिटं, म्हणून जीवराम आप्पा खूश. जेवण आधी, बाराला. बट्ट्या तुपात तळून पाट्यांत रचलेल्या, वरण उकळतंय, भरताचे हंडे. नानानं चुन्याच्या रेघा ओढून ठेवल्या होत्या, दोरीनं, सुतासारख्या. केळीची पानं मांडली. बारा हजार बसले, सगळे एकदम. हर हर महादेव झालं आणि हात पानात गेले. बारा हजार माणसं एकदम बट्टी कुस्करतात तेव्हा कसा आवाज होतो, तो ज्यानं ऐकला त्यालाच ठाऊक. लांबून ओढ्याला पाणी आल्यासारखा.

आणि तेवढ्यात हिलाल आला. "नाना, तिकडे दोनशे मानसं उभी शेतस. त्यास्ले जागा नही."

नाना हसला. त्याची मोजणी चाळीस वर्षांत चुकलेली नव्हती. पण जाऊन बघतो तर खरंच माणसं उभी. त्यांना बाभळीच्या सावलीत बसवलं, पानं दिली. आणि नाना पंगतीतून उलटा चालत निघाला, मोजत. तेव्हा त्याला दिसलं. रेघ सरळ होती, माणसं सरळ बसली होती, पण मधेमधे दोन-अडीच हातांची फट. पान मांडलेलं, वाढलेलं, आणि मागं कोणी नाही.

"इथी काहून कोनी बसलं नाही?" त्यानं शेजारच्या माणसाला विचारलं.

तो माणूस भांबावला. "बसलेले हायेत ना," म्हणाला, आणि त्यानं बाजूला बघितलं. मग हळूच आणखी थोडा सरकला.

नानानं फटी मोजल्या. एकशे बत्तीस.

बोरदेवळी एकशे बत्तीस उंबऱ्यांचं गाव होतं. धरणाच्या कागदावर तो आकडा त्यानं परवाच वाचला होता.

तेव्हा त्याला दुसरी गोष्ट कळली. बारा वाजून गेले होते. तो इथं आला त्या दिवसापासून रोज बाराला येणारा पऱ्हाटीच्या धुराचा वास आज आला नव्हता. भरताचा वास होता तो आपल्याच हंड्यांचा, पण धूर नव्हता. पांढरीनं आज चूल पेटवली नव्हती.

एक वाजला. लोकांची जेवणं झाली. हात वाळायला लागले. पण कोणी उठेना. आपल्याकडे रीत आहे, पंगतीतला शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत बाकीच्यांनी उठायचं नसतं. बारा हजार माणसं तशी बसून होती. जणू अजून कोणीतरी जेवतंय. कोणी कोणाला काही सांगितलेलं नव्हतं. एकमेकांशी बोलणंही हळूहळू बंद झालं. पोरं रडायची थांबली. पावणेदोन झाले. छताचं कापडसुद्धा हलत नव्हतं.

जीवराम आप्पा लाउडस्पीकरवरून तीनदा म्हणाले, "मंडळी, उठून घ्या, मुहूर्त जवळ आला." कोणी हललं नाही. चौथ्यांदा त्यांचाही आवाज बसला.

लीलाधर मात्र पंगतीत बसल्या बसल्याच गरजला. "तोताराम नाना, हे काय चाललंय? मुहूर्त टळला तर मी पोराला घेऊन शिरपूरची वाट धरीन, सांगून ठेवतो."

"मंग उठा ना तुम्ही, व्याही."

लीलाधरनं मांडी सोडायचा प्रयत्न केला. तोंड लाल झालं, पण तो उठला नाही. "पाहुणे जेवतायत अजून," तो एकदम खालच्या आवाजात म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच उमगलं नाही.

मांडवाच्या टोकाला पिवळ्या लुगड्यात कुंदा उभी होती. लांबून तिनं नानाकडं पाहिलं. रडत नव्हती, तिसऱ्यांदा मोडणाऱ्या लग्नाकडं माणूस कसं बघतं, तसं बघत होती. नानाला ते सहन होईना. तो धुरपदाबाईला शोधत निघाला. ती मारुतीच्या ओट्यावर बसलेली सापडली.

"अक्का, काय राह्यलं?"

"चूलबंद बोलावलं तू. अन् घरचं मानूस फिरलं का पंगतीत? वाढप्याहिनं बादली फिरवली. तूप कोनी वाढलं?"

नानानं कपाळावर हात मारला. वरण-बट्टीवर तूप वाढायला यजमान स्वतः फिरतो, ही आपली जुनी रीत. एक्कावन्न यजमान होते, म्हणून एकही फिरला नव्हता. जो तो म्हणाला, दुसरा फिरेल.

नानानं तुपाची चरवी उचलली. धुरपदाबाई पुढं आणि तो मागं. पहिल्या फटीशी ती थांबली. रिकाम्या जागेकडं बघून म्हणाली, "हे झुंबरबाईचं घर. सात मानसं. धाकटीले तूप जास्त लागते."

नाना वाकला. "घ्या, झुंबरबाई. सावकाश होऊ द्या." आणि बट्टीवर धार धरली. जास्त धरली.

"हे पुना लोहाराचं. त्याले ऐकू येत नाही, मोठ्यानं बोल."

"घ्या पुनादादा, लाजू नका."

असं घरोघर. शेजारी बसलेली जिवंत माणसं खाली मान घालून बसलेली. मध्येच एका पानाशी धुरपदाबाई म्हणाली, "हा नको म्हनतो. पन आग्रह कर, त्याची खोड हाये." नानानं आग्रह केला. चरवी तीनदा भरून आणावी लागली. शेकडो माणसांना पुरेल एवढं तूप त्या बिनमाणसांच्या पानांत गेलं, आणि एकाही पानाबाहेर ओघळ आला नाही.

अडीच वाजता ते शेवटच्या फटीशी आले. तिथं जमीन शेणानं सारवलेली होती.

"हे माह्यं," धुरपदाबाई म्हणाली. आणि बसली. पानातलं अर्धं तिनं शेजारी सारलं. "हे याहिचं अन् माह्या पोराचं. गाव उठायच्या आदीच गेले दोघं." नानानं तूप वाढलं. तिनं चार घास खाल्ले, अगदी सावकाश, पाणी प्यायली आणि हात वर केला.

"उठा आता."

तिनं हळूच म्हटलं होतं, पण बारा हजार माणसं एकदम उठली. कपड्यांचा तो एकच मोठा सळसळाट झाला आणि छताचं कापडही फडफडलं. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा दोन वाजून एकोणपन्नास मिनिटं झाली होती. कुंदाचं लग्न लागलं. लीलाधर व्याही अक्षता टाकताना वारंवार मागं वळून बघत होता.

दुसऱ्या दिवशी हिलाल बांबू उपटून ट्रकमध्ये भरत होता, घाईघाईनं, नेहमीची शिट्टी न वाजवता. नाना दोरी गुंडाळत होता. बारा वाजले आणि धुराचा वास आला. पांढरी पुन्हा सैपाकाला लागली. नानाला हायसं वाटलं. धुरपदाबाई झाडत होती.

"झालं ना अक्का सगळं नीट?"

"झालं. आता त्याहिचं राह्यलं," ती म्हणाली. "कोनाचं चूलबंद खाल्लं की परत चूलबंद बोलवावं लागते. पांढरी कोनाचं ठेवत नाही."

आठ दिवसांनी सकाळी शेवंताबाई सडा टाकायला बाहेर आली तर उंबऱ्यावर पिवळ्या अक्षता. त्यांना पांढरी माती लागलेली. आपल्या गावात सगळी माती काळी. तिनं नानाला हाक मारली. मग शेवंताबाईनं चुलीवर चढवलेलं दूध उतरवलं, लाकडं ओढली, राखेवर पाणी मारलं आणि म्हणाली, "चला. बोलावल्यावर जावं लागते."

ते दोघं दुपारी पांढरीवरून परत आले. नानानं ढेकर दिला, हातावर पाणी घेतलं आणि खाटेवर आडवा झाला. शेजारणीनं खोदून खोदून विचारलं तेव्हा शेवंताबाई एवढंच बोलली, "बसलो. वास आला. मंग भूक राह्यली नाही. तूप मात्र जास्त वाढतात मेले."

कुंदाच्या घरीही त्याच सकाळी अक्षता आल्या होत्या, शिरपूरला, पक्क्या सिमेंटच्या पायरीवर. नाना गेल्यावरही दरवर्षी त्या तिथीला येतात म्हणे. त्या पहिल्या सकाळी लीलाधर चिडला. सुनेनं चूल का पेटवली नाही, सकाळचा चहा कुठं आहे? स्वतः चुलीपाशी बसला. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, विझली. अख्खी पेटी संपली. मग तो राखेचे हात झटकत उठला आणि सुनेकडं न बघता म्हणाला,

"कोणाचं आवतण आहे?"

"जागेच्या मालकाचं, मामंजी."

लीलाधरनं टोपी घातली. "मग उशीर कशाला करता," म्हणाला, आणि एस्टीच्या थांब्याकडं सगळ्यात पुढं चालायला लागला.